कोल्हापुरात धंदा मांडताय? आधी हद्द बघा, मग योजना

शाहूपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी बारा वर्षं फायली लावतोय. गावात नवा आलेला माणूस खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतो, "साहेब, सध्या कुठली योजना चालू आहे?" योजना भरपूर चालू आहेत. केंद्राच्या आहेत, राज्याच्या आहेत, काही महापालिकेच्या दारातून मिळतात, काही महामंडळांच्या. माणसं अडकतात ती योजना सापडत नाही म्हणून नाही, तर कागदांचा क्रम चुकतो म्हणून. जो कागद आधी काढायचा तो मागून काढला, जे कर्ज नंतर घ्यायचं ते आधी घेतलं, आणि फाईल परत. म्हणून हा लेख मी योजनांच्या नावांनुसार नाही, क्रमानुसार लिहितोय.

सोबतीला एक जोडपं घेतो. जतहून आलेलं, पाचगावात भाड्यानं राहणारं. नवरा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर. बायकोच्या हातची कांदा-लसूण चटणी गल्लीत इतकी खपायला लागली की तिला स्वतःचं मिरची कांडप यंत्र घ्यायचं होतं. त्यांची फाईल माझ्याच हातून गेली, त्यातल्या चुकाही मला तोंडपाठ आहेत.

पहिली पायरी: तुम्ही कोल्हापुरात आहात का?

प्रश्न खुळचट वाटेल, पण सगळं इथूनच ठरतं. कोल्हापूरची नगरपालिका १९७२ साली महापालिका झाली, हद्द मात्र होती तेवढीच राहिली. हद्दवाढीसाठी मोर्चे निघाले, विरोधातही निघाले, गाव मात्र वाढतच गेलं. त्यामुळे पाचगाव, उचगाव, कळंबा, मोरेवाडी, गांधीनगर इथं राहणारा माणूस स्वतःला कोल्हापूरकर म्हणवतो, आणि घरफाळा भरायला ग्रामपंचायतीत जातो.

रस्त्यावरून जाताना हद्द कुठं संपली ते कळत नाही, म्हणून घरमालकाकडून घरफाळ्याची पावती मागून घ्या. पावती महापालिकेची असेल तर तुमचं पहिलं ऑफिस म्हणजे विभागीय कार्यालय. अशी चार आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट. पावती ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि करवीर पंचायत समिती. बांधकामाची परवानगी हवी असेल तर २०१७ साली स्थापन झालेलं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणही मधे येतं, कारण शहराभोवतीची ४२ गावं त्याच्याकडे दिली आहेत.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हींत अनुदानाचा दर शहरी आणि ग्रामीण असा वेगळा आहे. शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष गटाला २५ टक्के. ग्रामीण भागात तेच २५ आणि ३५. आमच्या चटणीवाल्या वहिनींचा प्रकल्प चार लाखांचा. पाचगावात ३५ टक्क्यांनी अनुदान होतं १ लाख ४० हजार. हेच यंत्र त्या मंगळवार पेठेत लावायला निघाल्या असत्या तर १ लाख. गाळा भाड्यानं घ्यायच्या आधी हे गणित मांडा. आमच्याकडे येणाऱ्या दहातले आठ जण गाळ्याचं डिपॉझिट देऊन मग येतात.

हद्द बघताना दुसरी एक रेषाही बघून ठेवा. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीनं ४३ फूट कुठल्या कुठं मागं टाकले. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्कचा काही भाग पाण्याखाली होता. या पट्ट्यात गाळा स्वस्त मिळाला तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. त्या उंचीच्या वर माल ठेवायची सोय होत असेल तरच पुढं बोला, आणि विम्यात पूर धरलाय का ते पॉलिसीत वाचून घ्या.

दुसरी पायरी: नाव एकच ठेवा

कागदांची यादी सगळ्यांना माहीत असते: आधार, पॅन, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला, भाडेकरार, लाइट बिल, बँक पासबुक. उत्पन्न, रहिवासी वगैरे दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून निघतात.

अडचण यादीत नसते, नावात असते. वहिनींच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पासबुकावर नवऱ्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. बँकेनं फाईल परत पाठवली. एकदा नाही, तीनदा, आणि दरवेळी एकच चूक सांगितली. तिन्ही एकदम सांगितल्या असत्या तर दीड महिना वाचला असता, पण त्या टेबलावरच्या साहेबांना ते सुचलं नाही. शेवटी विवाह नोंदणीचा दाखला काढला, आधार आणि पासबुक जुळवून घेतलं, मग गाडी पुढं सरकली. अर्ज भरायच्या आधी सगळे कागद एका चादरीवर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्यानं वाचा. लहान मुलाला वाचायला बसवलंत तर उत्तमच, ते अक्षर गाळत नाहीत.

भाडेकरार नोंदणी केलेला हवा. स्टॅम्प पेपरवर सह्या करून ड्रॉवरमध्ये ठेवलेला करार बँक मानत नाही. करार करतानाच घरमालकाचं संमतीपत्र दोन गोष्टींसाठी घेऊन टाका: त्या जागेत धंदा करायला आणि थ्री फेज कनेक्शन घ्यायला. यंत्र आल्यावर मालकाकडे गेलात तर तो भाडं वाढवून मागतो. मी मालक असतो तर मीही मागितलं असतं.

तिसरी पायरी: धंद्याचा जन्मदाखला

पहिली नोंदणी 'उद्यम'. केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार आणि पॅन घालून स्वतः करता येते, पंधरा मिनिटांचं काम, आणि ती पूर्णपणे मोफत आहे. हे ठासून सांगतो, कारण सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट्स दोन-अडीच हजार घेतात. माझ्या भावाच्या वेल्डिंगच्या दुकानासाठी मीही असेच पैसे घालवले होते. ऑफिसात कळल्यावर महिनाभर चेष्टा झाली.

दुसरी, दुकान कायद्याखालची. २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यानं कामगार मोजके असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते, जास्त असतील तर रीतसर नोंदणी. पाटी मराठीत, देवनागरी अक्षरांत लावायची, हे कायद्यातच आहे. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी. शहराच्या हद्दीत असाल आणि धंदा परवान्याच्या यादीतला असेल तर महापालिकेच्या परवाना विभागाचा परवाना, आणि स्वरूपानुसार अग्निशमनचा ना हरकत दाखला. जीएसटी घाईनं काढू नका. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला वर्षाच्या ४० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंत साधारणपणे गरज पडत नाही. काढला की रिटर्न आले, आणि रिटर्न आले की आमच्यासारखे आले.

चौथी पायरी: कुठलं दार ठोठावायचं

इथं थोडं थांबून वाचा, कारण एक दार उघडलं की दुसरं बंद होतं.

हातगाडी, फूटपाथ, पाटीवरचा धंदा असेल तर पीएम स्वनिधी. जून २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ही योजना आली, तेव्हा पहिला हप्ता १० हजारांचा होता. २०२५ च्या बदलानंतर पहिल्यांदा १५ हजार, ते फेडल्यावर २५ हजार, मग ५० हजार. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्क्यांचं अनुदान, आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक. अर्जाला महापालिकेचा विक्री दाखला किंवा सर्वेक्षणातली नोंद लागते, नसेल तर शिफारसपत्र. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानं शहर फेरीवाला समिती आणि सर्वेक्षण आलं. त्या यादीत नाव आहे का, हे आधी बघा. महाद्वार रोडला गाडी लावून दहा वर्षं झाली म्हणजे यादीत नाव असतंच असं नाही.

हे लिहिताना भाऊसिंगजी रोड आठवतो. गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला पैसे दिले, आणि कुणी फिरकत नाही म्हटल्यावर स्वतः गाडी थांबवून, बरोबरच्या लोकांना घेऊन तिथं चहा प्यायला लागले. भांडवल आणि पहिलं गिऱ्हाईक, दोन्ही एकाच माणसानं दिलं. आताच्या योजनांत भांडवल आहे, गिऱ्हाईक आपलं आपण शोधायचं.

हातातली कला असेल, म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट अशा १८ कामांपैकी एक, तर पीएम विश्वकर्मा. सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, मग ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि नंतर २ लाख. सुभाषनगरातल्या चप्पल कारागिरांना मी ही पहिल्यांदा सुचवतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा कारागीर म्हणून असलेला कागद पुढं विक्रीलाही उपयोगी पडतो. पण अट बघा. गेल्या पाच वर्षांत पंतप्रधान रोजगार निर्मिती, मुद्रा किंवा स्वनिधीसारखं कर्ज घेतलेलं असेल तर विश्वकर्मा मिळत नाही. मुद्रा आणि स्वनिधी पूर्ण फेडलं असेल तर चालतं. आणि घरातल्या एकालाच. परवा एक शिंपी आला, मुद्राचे २० हजार बाकी. म्हटलं, काका, आधी ते मिटवा, मग या.

दुकान, छोटं वर्कशॉप, गाडी अशांना मुद्रा कर्ज: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही, पण अनुदानही नाही. मुद्रा म्हणजे फुकटचे पैसे, असा समज घेऊन माणसं येतात. तो आमच्या दारातच उतरवून ठेवा.

यंत्र घेऊन उत्पादन करायचं असेल तर वर सांगितलेले दोन रोजगार निर्मिती कार्यक्रम. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र. अर्ज ऑनलाइन, पण एकदा समक्ष जाऊन या. तिथला माणूस प्रकल्प ऐकून हा यादीत बसतो की नाही, ते पाच मिनिटांत सांगतो. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. म्हणजे वहिनींना चार लाखांत घालायचे होते फक्त २० हजार. अनुदानाबद्दल मात्र डोक्यात एक गोष्ट पक्की करा: ते हातात मिळत नाही. बँकेत तुमच्या कर्जाच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं, तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि धंदा चालू आहे हे तपासल्यावर ते कर्जात वळतं. "अनुदान मिळालं की मोटारसायकल घेतो" म्हणणारे मला दरवर्षी दोन-तीन भेटतात.

चालू धंद्याला ही अनुदानं नाहीत, नव्यालाच आहेत. त्यामुळे यंत्र आधी उधारीवर आणून मग अर्ज केलात तर अर्ज गेला. पुन्हा क्रम.

मग महामंडळं. मराठा समाजातल्यांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा: १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज, जास्तीत जास्त सात वर्षं आणि साडेचार लाखांपर्यंत. हप्ता वेळेवर भरायचा, त्यातलं व्याज नंतर तुमच्या खात्यात येतं. इथं क्रम सगळ्यात कडक आहे. आधी पोर्टलवरून पात्रता प्रमाणपत्र, त्यानंतर कर्जमंजुरी. कर्ज उचलून मग प्रमाणपत्र काढायला येणाऱ्याला मी काहीही करून देऊ शकत नाही. अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग, चर्मकार समाज यांची महामंडळं वेगळी. त्यांच्या चौकशीला विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनापासून सुरुवात करा.

पाचवी पायरी: प्रकल्प अहवाल, म्हणजे नुसती चोपडी नव्हे

पाचशे रुपयांत तयार मिळणारा अहवाल बँकवाले वरूनच ओळखतात. मागच्या वर्षी एकानं आणला, धंदा पिठाच्या गिरणीचा आणि आतल्या पानावर 'दूध संकलन' राहून गेलेलं.

वहिनींचा अहवाल आम्ही वहीवर केला. दिवसाला किती किलो कुटणार, संकेश्वरी किती, ब्याडगी किती, मिरची कोणत्या महिन्यात घेणार, किलोमागं वीज किती, वजनात घट किती, दुसऱ्याची मिरची कुटून दिली तर मजुरी किती. हे सगळं त्यांना माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. मिरची देठासकट घेतली की खुडून झाल्यावर वजन कमी भरतं, हे त्यांनीच सांगितलं, आणि तो आकडा आम्ही खर्चात धरला. मॅनेजरनं नेमका तोच प्रश्न विचारला आणि त्यांनी कागद न बघता उत्तर दिलं. मंजुरी तिथंच झाली, सही पुढं कधीतरी झाली असेल.

यंत्राचं कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याचंच घ्या. आपल्याकडे उद्यमनगरात यंत्र बनवणारा माणूस गल्लीगल्लीत आहे आणि मालही चोख देतो, पण "बिल कशाला, भावा" म्हणणाऱ्याकडून बँकेला कोटेशन चालत नाही.

प्रशिक्षण टाळू नका. रोजगार निर्मितीच्या कर्जाला उद्योजकता प्रशिक्षणाचा दाखला लागतो. गावाकडच्या तरुणांसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत कोर्स घेते. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे, तिच्या शाखेत विचारलं की पत्ता मिळतो.

जॉबवर्कवाल्यांसाठी वेगळं

हे शहर ओतकामावर आणि मशिनिंगवर चालतं. उद्यमनगरात सुरुवात झाली, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले. एकाकडे पॅटर्न म्हणजे नमुना, दुसऱ्याकडे मोल्डिंग म्हणजे साचा, तिसऱ्याकडे टर्निंग म्हणजे लेथवरचं काम, अशी साखळी आहे. दोन मशिन घेऊन टर्निंगचा शेड टाकणाऱ्या नव्या माणसाला मारतं ते व्याज नाही, अडकलेलं बिल. २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योग कायदा सांगतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४ पासून तर उशीर केलेल्या बिलाची रक्कम माल घेणाऱ्याला त्या वर्षी खर्च म्हणून आयकरात धरता येत नाही, त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंटंट आता स्वतःहून 'उद्यम' नंबर मागतात. माल पाठवायच्या आधी नोंदणी झालेली हवी आणि चलनावर, बिलावर नंबर छापलेला हवा. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. एकुलत्या एका गिऱ्हाइकावर तक्रार टाकावी का, हे कायदा सांगत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.

शिरोलीला स्मॅक, गोकुळ शिरगावला गोशिमा, कागलला मॅक, उद्यमनगरात इंजिनिअरिंग असोसिएशन. या संघटनांच्या बैठकांना मागच्या खुर्चीवर बसायला जा. कुठल्या फौंड्रीला टर्निंगवाला हवाय, हे पोर्टलवर कळत नाही, चहाच्या टेबलावर कळतं.

घर, आणि फाईल अडली तर

घराचं थोडक्यात. स्वतःची जागा आहे, पक्कं घर देशात कुठंच नाही आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत, तर शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बांधकामाला अडीच लाखांपर्यंत मदत आहे. महापालिकेत चौकशी करा. हद्दीबाहेर असाल तर आधी ग्रामपंचायतीत.

अर्ज दिला की पोच घ्या. तोंडी "ठेवून जावा" वर विश्वास ठेवू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित दाखल्यांना आणि परवान्यांना मुदत ठरलेली आहे, ती उलटली की अपील करता येतं, आणि विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. पण पोच नसेल तर मुदत कधीपासून मोजायची? महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, त्यासाठी आधीच लेखी अर्ज द्यावा लागतो. बँक हे वेगळं प्रकरण. तिथं नकार लेखी मागा. लेखी मागितलं की निम्म्या वेळा नकाराचा "बघूया" होतो.

कधी सुरुवात करायची

एप्रिल ते जुलै. नवं आर्थिक वर्ष, नवी उद्दिष्टं, साहेबांकडे वेळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये बँकेत वसुली चालू असते, तुमच्या फाईलवर कुणी नजर टाकत नाही. आणि आपला हंगाम कधी, तिथून मागं मोजा. कागद जुळवायला दोन महिने, उद्योग केंद्र आणि बँक मिळून चार, यंत्र आणि वीज जोडणीला एक.

वहिनींनी हे मागं मोजलं नव्हतं, आणि मीही त्यांना सांगितलं नव्हतं. फाईल ऑक्टोबरात टाकली, नावांच्या भानगडीत डिसेंबर गेला, मार्चमध्ये सगळं थंड. चटणीचा हंगाम शिमग्यापासून पहिल्या पावसापर्यंत. यंत्र पाचगावात उतरलं तेव्हा मृग लागून आठ दिवस झाले होते, टेम्पोवर ताडपत्री होती. त्या वर्षी त्यांनी त्यावर हळद आणि धणे कुटले.